झाडाखालची तसबीर

खांदा कॉलनीतून खाडीकडे जाणारा आमचा रस्ता मुळात देखणा. दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्ष, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, टोकाला खारफुटीची तिवरं आणि त्यांच्यामागे पाणी. मी रोज सकाळी तिथे फिरायला जायची आणि रोज किळस घेऊन परत यायची. खोडं कमरेपर्यंत पिचकाऱ्यांनी लाल झालेली. मुळांशी गुटख्याच्या पुड्या आणि गाठ मारून सोडलेल्या निर्माल्याच्या पिशव्या, आत झेंडू सडून पाणी झालेलं. गाडीची काच खाली करून पिशवी भिरकावणारे आणि लगेच त्याच हाताने नमस्कार करणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत.

मोठ्यांशी बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला होता. मी तरी किती वर्षं पुरणार? हा रस्ता आपला आहे असं पोरांना वाटलं नाही तर इथे उकिरडाच उरेल, ही भीती मला पोखरत होती. म्हणून सोसायटीतल्या मुलांच्या मागे लागले. आयांनी हातमोजे दिले, मास्क दिले आणि कशाला हात लावू नकोस असंही बजावून पाठवलं. पहिल्या रविवारी झाडूपेक्षा मोबाइलच जास्त चालले. एक नववीतली मुलगी मात्र मनापासून राबायची, आणि तिच्यामुळे बाकीची टिकली.

एका रविवारी सगळ्यात मोठ्या झाडाखाली काच तडकलेली गणपतीची तसबीर दिसली. ती मुलगी जागच्या जागी थबकली. दिवाळीपर्यंत ती तसबीर त्यांच्याच हॉलमध्ये होती. ती घरी जाऊन विचारून आली.

"आई म्हणते, भंगलेला देव घरात ठेवायचा नसतो, आणि कचऱ्यातही टाकायचा नसतो."

"मग रस्त्यावर टाकायचा?"

"टाकला नाही काकू. ठेवलाय."

काच वेगळी करू, चित्र घरी बादलीत भिजवून विरघळवू, असं मी सांगून पाहिलं. एकही हात पुढे आला नाही. मी वाकले तर तिचे डोळे भरून आले, आणि मुलं गेली तर सगळंच गेलं म्हणून मी हात मागे घेतला. मग पोरांनी तसबिरीला वळसा घालून झाडलं. पुड्या उचलल्या, काचा वेचल्या, भोवती दगड मांडून त्यांना चुना फासला. सबंध रस्त्यावर तेवढीच जागा अशी लख्ख झाली की दुपारपर्यंत तिथे कुणीतरी उदबत्ती लावून गेलं.

पुढच्या रविवारी तसबिरींची रांग लागली होती. कॉलनीतल्या यच्चयावत घरांना आपले फुटके देव एकदमच आठवले असावेत. मग फरशा बसल्या. खोडात खिळा ठोकून घंटा टांगली गेली, आणि दिव्याच्या काजळीने साल काळी पडली. दर मंगळवारी आरती सुरू झाली. रविवारी ज्यांना अंथरुणातून ओढून काढावं लागायचं तीच पोरं आंघोळ करून, न बोलावता हजर. शिऱ्याचे द्रोण चाटूनपुसून तिवरांत भिरकावले जायचे. आणि आया मला भेटून सांगायच्या की तुम्ही मुलांना छान वळण लावलंत.

एका मंगळवारी मी आरती संपेपर्यंत थांबले. खाडीच्या कडेला अडकलेले द्रोण काठीने ओढत होते, तेवढ्यात ती मुलगी प्रसाद घेऊन आली. माझा चेहरा बघून ती जरा घुटमळली. मग समजूत काढावी तशी म्हणाली, "पण काकू, या झाडावर आता कुणी थुंकत नाही."

खरं होतं ते. आरती आटोपून निघालेले दोन गृहस्थ रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडाशी गेले आणि तिथे थुंकले. तिनेही ते पाहिलं.

"तिकडे पण एक तसबीर ठेवू या का?" तिने अगदी मनापासून विचारलं.