मिसकॉलताईला कुणी विचारलं?

अन्याय झाला तो मिसकॉलताईवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. गेल्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन आटोपून पोरांना जिलेबी वाटून झाल्यावर, शाळेच्या पटांगणात भरलेल्या ग्रामसभेत झाला. गाव पणदऱ्याहून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. ज्यांनी केलं त्यांना आपलं गाव बरोबर ओळखू येईल. एका पोरीनं गावासाठी उभं केलेलं काम त्या सभेनं चहा निवायच्या आत बंद पाडलं, आणि वर तिलाच विचारलं, “तुमी नक्की कुणाच्या?”

ती कुणाचीच नव्हती. म्हणून तर सगळ्या गावानं तिला आपले फोन नंबर दिले होते.

मी इंदापूर तालुक्यातली, ती बारामती तालुक्यातल्या या गावची. शिकायला बारामतीत होतो तेव्हा हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो. ती कॉम्प्युटरला, मी नावाला बी.ए.ला आणि बाकी वेळ संघटनेची पत्रकं लिहिण्यात. पहिल्याच आठवड्यात तिची खोड कळली: ही मुलगी फोन उचलत नाही. रिंग ऐकायची, नाव बघायची आणि फोन तसाच वाजू द्यायची. मी वैतागायचे. ती म्हणायची, “अगं, वाजला ना? मग पोचलं की!” आमचं ठरूनच गेलं मग. एकदा वाजला की खाली ये. लागोपाठ दोनदा वाजला की मेसमध्ये आज काही खरं नाही, बाहेर खाऊ. तिचं म्हणणं, माणसं बोलून जेवढा घोळ घालतात तेवढा नुसत्या रिंगनं होत नाही. हे मी तेव्हा आळसाचं तत्त्वज्ञान समजत होते.

माझी पत्रकं ती पलंगावर लोळत वाचायची. मला हाक मारायची ‘पुढारीणबाई’. एकदा पत्रक खाली ठेवून म्हणाली, “तू लिहितेस ‘बंधू-भगिनींनो’. पुढारीणबाई, हे हातात घेणारी बाई बसस्टँडवर एकटी उभी असते. तिच्याशी मैदानात बोलल्यासारखं कशाला बोलतेस?” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तेव्हापासून ‘बंधू-भगिनींनो’ मात्र लिहिलं नाही.

शिकून झाल्यावर तिला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. वर्षभरानं घरून काम करायची परवानगी मिळवून ती गावी आली. लोकांना वाटलं, नोकरी गेली. ते तिनं वाटू दिलं. घराच्या वरच्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन आणि खाली गोठा. मीटिंगमध्ये म्हैस ओरडली की कंपनीतले हसायचे, ही कॅमेरा बंद ठेवून चहा प्यायची. तिचे वडील, अण्णा, एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर शिफ्टला जायचे. ती म्हणायची, “अण्णांना भोंगा आहे. वाजला की हात धुऊन मोटरसायकलला किक. माझ्या नोकरीला भोंगाच नाही, म्हणून ती संपत नाही. भोंगा नसलेल्या माणसांनी युनियन कशी करायची ते सांग, तुझ्या संघटनेत मग येते.”

गावात नळ होते, पाणीही होतं, फक्त ते कधी येईल हे कुणाला ठाऊक नव्हतं. व्हॉल्व्ह फिरवायचे ग्रामपंचायतीचे कर्मचारी नाना. वीज असेल, टाकी भरलेली असेल, नानांची सायकल धड असेल, तेव्हा एकेका वस्तीचं पाणी सुटायचं. बायका त्याच्यासाठी घरात अडकून बसायच्या. खुरपणीचा रोज बुडायचा. तिच्या आईचाही बुडायचा, आणि आई ते बोलून दाखवायची नाही. एवढं पुरे झालं तिला.

दुसरं कुणी असतं तर ॲप केलं असतं. तिनं नाही केलं. “ॲप कुठं टाकायचं? फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा एमआयडीसीत. पाणी आल्याचं त्याला कळून काय उपयोग, तो काय तिथून हंडा लावणार? ज्या गोष्टीला शिकवणी लावावी लागते ती अर्धवट बनवलेली असते.” तिनं केलं ते असं: नानांनी व्हॉल्व्हला हात घालायच्या आधी त्या वस्तीसाठी ठरलेल्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. त्या नंबरमागचं यंत्र मग त्या वस्तीतल्या प्रत्येक घरी मिस्ड कॉल देणार. उचलायचा नाही, वाचायचं काही नाही. वाजला की पाणी.

नंबर गोळा करायला ती दारोदार गेली, एका रविवारी मीही बरोबर होते. माळवस्तीवर एक गृहस्थ ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी लगेच आपला नंबर सांगायला सुरुवात केली.

“तात्या, तुमचा नको. पाणी कोण भरतं?”

“भरतं कोन म्हंजी? घरात भरत्यात.”

“मग जी भरते तिचा द्या.”

“तिच्याकडं साधा डबडा फोन हाय गं.”

“डबडा वाजतो का?”

आतून काकू खळखळून हसल्या. “वाजतोय की! तात्यांपरीस जोरात वाजतोय.” आणि त्यांनीच बाहेर येऊन नंबर सांगितला. तात्यांनी तंबाखूचा हात झटकला आणि आमच्याकडे बघितलं नाही.

ते चाललं. दोन उन्हाळे चाललं. बायका कामावर जाऊ लागल्या, रिंग वाजली की बांधावरून घरी पळत यायच्या, नाहीतर शेजारणीला सांगून ठेवायच्या. ओढ्याकडची एक म्हातारी दर वेळी फोन उचलायचीच आणि यंत्राला म्हणायची, “आलं का गं पानी? बरं, ठेव. जेवलीस का?” तिची खात्री होती की पलीकडे ताई स्वतः बसलेली आहे. तिच्यामुळेच गावात नाव पडलं, मिसकॉलताई.

तिला मतं फार होती, आणि ती विचारल्याशिवायही सांगायची. कुणी म्हटलं, आता कोड यंत्रच लिहितं, तुझं काय होणार? तर म्हणायची, “कोड लिहिणं अवघड कधीच नव्हतं. नानांना राग न येता त्यांची पद्धत समजून घेणं अवघड. ते यंत्राला करू दे, मी आनंदानं घरी बसते.” बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं विचारलं, घरून काम म्हणजे घरातलंही होत असेल ना? ही म्हणाली, “आमच्या घरातलं होतं. तुमच्या घरातलं सध्या कोण करतं?” ते स्थळ चहा पिऊनच गेलं. राजकारणाबद्दल तिचं एकच वाक्य ठरलेलं: “मला मत आहे, पॅनल नाही.” मी तिच्याशी यावरून भांडायचे. म्हणायचे, बाजू न घेणं हीसुद्धा एक बाजूच असते. ती म्हणायची, “असेल. पण माझ्याकडं दोन्हीकडच्या बायकांचे नंबर आहेत. मी एकीकडं सरकले की अर्ध्या नळांची रिंग खोटी वाटायला लागेल.” ती बरोबर होती आणि मी पुस्तकी बोलत होते.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

एका सकाळी फाट्यावर फ्लेक्स लागला. गावातले जुने पुढारी आबा, त्यांच्या पॅनलचा. वर आबा हात जोडून, खाली उमेदवारांची रांग, आणि कडेला, उमेदवारांपेक्षा मोठा, मिसकॉलताईचा फोटो. चुलत बहिणीच्या लग्नातला, नऊवारीतला. खाली लिहिलेलं, ‘आमच्या गावची लेक, आमच्या पॅनलची शान. घराघरांत पाणी, फोनवर निशाणी.’ तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा बघितला तो अण्णांनी, रात्रपाळी करून परत येताना. मोटरसायकल उभी करून त्यांनी त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन तिला दाखवला. “चांगला आलाय की गं फोटो.” बापाचा खुललेला चेहरा बघून ती ‘हो’ म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली. हे तिनं मला फोन करून सांगितलं. तिनं स्वतःहून फोन केला आणि बोलली, यावरूनच मला कळलं की काहीतरी मोडलं आहे.

ती आबांकडे गेली. आबा वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. तिच्या फीसाठी त्यांनी एकदा कॉलेजात शब्द टाकला होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

“आबा, मला विचारायचं होतं.”

“काय गं?”

“फोटो लावायच्या आधी. मला विचारायचं होतं.”

आबा हसले. “आगं येडे, घरच्या लेकीला इचारत्यात व्हय? आपलीच तर हायेस तू.”

हे वाक्य मी शंभरदा आठवून बघितलं आहे. त्यात मला माया दिसते, आणि तीच चीड आणते. आपल्याकडे परक्या माणसाला विचारतात. पाहुण्याला विचारतात. मंडपवाल्यालाही विचारतात. लेकीला विचारायचं नसतं, कारण ती आपली असते. आबांना शेवटपर्यंत कळलं नाही की पोरगी रुसलेली नाही, ती नाही म्हणते आहे. फ्लेक्स मतदानापर्यंत तिथंच राहिला.

त्याच दिवसांत माळवस्तीची रिंग एकदा उशिरा वाजली. नाना मिस्ड कॉल द्यायला विसरले होते, व्हॉल्व्ह सोडून मग त्यांना आठवलं. असं आधीही झालं होतं, तेव्हा बायकांनी नानांना शिव्या घालून विषय संपवला होता. या वेळी विषय संपला नाही. माळवस्ती दुसऱ्या पॅनलची. “बघा, आपल्याला मुद्दाम उशिरा वाजवत्यात.” मग कुणीतरी म्हणालं, नंबर आबांच्या प्रचाराला दिलेत. पाणी भरणाऱ्या बाईचा नंबर, ज्याच्यासाठी ती दारोदार फिरली, तोच संशयाचं कारण झाला. काही घरांतल्या पुरुषांनी बायकांना ती रिंग बंद करायला लावली.

आबांचं पॅनल पडलं. आणि आली सव्वीस जानेवारी.

मी त्या दिवशी तिच्याकडे होते, सभेच्या मागं शेवग्याखाली उभी राहिले. नव्या सरपंचांनी विषय काढला: हे फोनचं खासगी काम बंद करावं, ग्रामपंचायत आपली सोय करील. ती उभी राहिली. यंत्र कसं चालतं ते सांगायला लागली, तर पुढून एकानं विचारलं, “ते ऱ्हाऊ द्या. तुमी नक्की कुणाच्या?”

“मी नळाची,” ती म्हणाली. थोडं हसू झालं. मला वाटलं, जिंकली.

मग सरपंच शांतपणे बोलले. “उद्या लगीन करून जानार तुमी. गावचे नंबर तुमच्या हातात कशापायी ठेवायचे? हितं कायम ऱ्हानाऱ्यांनी बघावं.” माना हलल्या. तिनं पुढच्या रांगेत बघितलं. आबा तिथंच बसले होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की फोटो आम्ही हिला न विचारता लावला, पोरगी आमच्या पॅनलची नव्हती. आबा मोबाइल बघत होते. बायका सभेत बोटावर मोजण्याइतक्या. त्यांची वेगळी महिला ग्रामसभा आदल्या दिवशी नुसती कागदावर भरली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं दुरूनच मान हलवून नको म्हटलं. बाहेरच्या तालुक्यातली पत्रकवाली तिच्या बाजूनं बोलली असती, तर आणखी एक पॅनल तिच्या नावावर चढलं असतं.

एकानं तिला ‘आमच्या गावची लेक’ म्हणून फ्लेक्सवर चढवलं, दुसऱ्यानं ‘लग्न करून जाणारी लेक’ म्हणून खाली उतरवलं. विचारलं दोघांनीही नाही.

घरी येऊन तिनं सगळे नंबर पुसून टाकले. मी म्हटलं, ठेव, कधी लागतील. “माझे नाहीत ते,” ती म्हणाली. “ज्यांनी विश्वासानं दिले त्यांचा विश्वास गेला, म्हणजे मी ते ठेवून चोरच की.” होळीच्या आधी ती नवी नोकरी धरून बंगळूरला गेली. स्टँडवर तिनं मला मिठी मारली, अण्णांच्या पाया पडली आणि खिडकीतून फक्त आईकडे बघत राहिली. आता फोन केला तर उचलते. छान बोलते. कंपनी चांगली आहे म्हणते, जेवण बरं आहे म्हणते. मागं म्हणाली, “इथं नळाला चोवीस तास पाणी असतं. कुणाला काही कळवावं लागत नाही.” मला तिची पूर्वीची न उचललेली रिंग जास्त बोलकी वाटायची.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले होते. आई उंबऱ्यात बसली होती, रिकामी कळशी शेजारी. ग्रामपंचायतीची सोय अजून झालेली नाही. मी विचारलं, कामाला नाही गेलात? म्हणाल्या, “पानी कवा येईल, काय सांगावं?”

आता तुम्हाला सांगते. एक मेला पुन्हा ग्रामसभा आहे. मी त्या गावची मतदार नाही, तुम्ही आहात. काकू, तुमच्या डबड्या फोनवर ती रिंग वाजत होती, तुम्ही आहात. तात्या, तुम्हीही. सभेला जा, मागं उभे राहू नका. आबांना नाव घेऊन विचारा, फोटो लावायच्या आधी पोरीला विचारलं होतं का? उत्तर त्यांच्या तोंडून, सगळ्यांदेखत, ध्वनिक्षेपकावर आलं पाहिजे, आणि इतिवृत्तात लिहून घेतलं पाहिजे. ते आल्याशिवाय सभा उठू देऊ नका.