बटाट्याच्या थालीपिठावरचं दही

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हा मी जानेफळला ग्रामसेवक होतो. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याचा मला भयंकर राग यायचा, आणि तरी दर चतुर्थीला मी तिथंच जायचो. किसलेल्या बटाट्याचं इतकं खरपूस थालीपीठ गावात दुसरं कोणी लावत नव्हतं. पण त्याबरोबर काय द्यायचं, हे तो गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघून ठरवायचा. पायात बूट दिसले की वाटीभर सायीचं दही आणि वर, "घ्या साहेब, घ्या!" धुळीच्या वहाणा दिसल्या की नुसती शेंगदाण्याची चटणी. कोणी दही मागितलंच, तर खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत म्हणायचा, "सरलं ना बाप्पा, सरलं!"

एका चतुर्थीला एक अनवाणी म्हातारी माझ्या समोरच्या बाकावर टेकली. तिनं थालीपिठावर दही मागितलं. ह्यानं हात पुसले.

"सरलं ना माय, सरलं!"

माझं डोकंच फिरलं. माझी भरलेली वाटी मी उचलली आणि तिच्यापुढे आदळली. तिनं वाकून वाटीत पाहिलं.

"काऊन रे, सरलं म्हन्तं? आज सकायी मीच तं तुले मडकंभर आनून देलं!"

आता तरी हा ओशाळेल असं मला वाटलं. तो सावकाश आला. तिच्यापुढची वाटी त्यानं उचलली, फडक्यानं तिची कड पुसली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"घ्या साहेब, घ्या!"