रोडगे तयार, पण बुवा जेवेनात

मंडळी, वलगावहून आत्ताच अमरावतीला परतलो. हातपाय धुतले, तरी कपड्यांना गोवऱ्यांच्या धुराचा वास येतोच आहे.

आज शेतात आईचा नवसाचा स्वयंपाक होता. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. देवाला नैवेद्य दाखवला, पंगत बसली. आई ज्यांना गुरू मानते ते गावातले म्हातारे बुवाही पानावर बसले.

आईनं हात जोडले. "बुवा, एवढे उपास केले, नवस फेडले. तरी देव मले कावून भेटत नाही?"

बुवांनी शेजारच्या वावराकडं पाहिलं. तिथं माझी काकू एकटीच झेंडू तोडत होती. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, भांडण झालं, तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद आहे.

"आधी तिले बोलाव," बुवा म्हणाले. "ती आल्याबिगर मी घास घेत नाही."

खरं सांगतो, मला रागच आला. उपास आईनं करायचे, चुलीपुढं आईनं तपायचं, अन् हे असे अडून बसणार!

आई मात्र उठली. धुऱ्यापाशी गेली. मग म्हणाली, "रोडगे थंडे होऊन राह्यले, चाल."

काकूनं ओटीतली फुलं टोपलीत टाकली. "सकाळपासून धूर पाहून राह्यली मी, बाई. तुमी हाक कवा मारता म्हनून."

आईनं तिचं पान आपल्या शेजारी मांडलं. बुवांनी घास घेतला. देवाचं आईनं पुन्हा काही विचारलं नाही.

पाहा बरं, तुमच्याही धुऱ्यापलीकडं कोणी हाकेची वाट तर पाहून नाही राहिलं?