शेवटच्या पानानंतरची बाई

नव्वद साली मी एम.ए.ला इंग्रजी घेतलं आणि आधुनिक अमेरिकन कादंबरीतल्या बायका माझ्या वाट्याला आल्या. उन्हाळ्यात आत्याच्या घरी पापड चालले होते. माझा पापड आजवर गोल झालेला नाही, म्हणून मला लाटण्यातून सूट होती. बदल्यात गोष्ट सांगायची. मी त्या कादंबऱ्याच सांगायला घेतल्या, तेवढीच परीक्षेची उजळणी.

तिकडं बायका मोजक्याच नमुन्यांच्या, असं माझं ज्ञान होतं. एक पहिल्याच पानावर मेलेली, पण दिसायला सुंदर. एक दुपारपासून पेला घेऊन खिडकीत उभी. एक आई, पोराचं वाटोळं करायलाच जन्मलेली. आणि एक सोनेरी केसांची, शेवटी नवऱ्याला सोडून गाडीत बसून निघून जाणारी.

"हिला सासू न्हाय, म्हस न्हाय, दिवसभर खिडकीत करती काय?" आत्यानं विचारलं. "बाप्यानं लिवलंय व्हय गं?"

"बहुतेक."

"वाटलंच."

आत्याची लेक कोपऱ्यात लाट्या तोडत होती. नवऱ्याचा हात उठायचा, म्हणून दिवाळीपासून माहेरीच होती. महिनाअखेरीस सासरचे न्यायला येणार होते. पाठवायचं की नाही, यावर आत्या नुसतं "बघू" म्हणायची.

"गाडीत बसून गेली, मग?" लेकीनं विचारलं.

"मग संपलं."

"संपलं कसं? सकाळी उठून खाल्लं काय? ऱ्हायली कुठं?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले. एम.ए.च्या वर्गात हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मला तर नाहीच.

"मग लिवणाऱ्यालाच म्हाईत न्हाय," म्हणत तिनंच गोष्ट पुढं नेली. ती बाई मावशीकडं उतरली. पहिले काही दिवस नुसती झोपली. मग बालवाडीत पोरांना खिचडी रांधायला लागली.

"आनी सोनेरी केसांचं?" काकूनं विचारलं.

"त्याल लावून येणी घालती की!"

सगळ्या हसल्या. आत्याचं लाटणं तेवढं थांबलं होतं. ती लेकीला म्हणाली, "वारणानगरच्या मावशीला इचारू का, तितं काय काम हाय का ते?"

लेकीनं मान डोलावली आणि पुढची लाटी तोडली.

महिनाअखेरीस सासरची माणसं आली, तेव्हा मी आत्याकडंच होते. आत्यानं चहा दिला, तळलेले पापड पुढं केले.

"पोरगी कामाला गेलीया मावशीकडं. आता तितंच ऱ्हाणार," ती म्हणाली. मग वाळलेल्या पापडांची एक चळत कागदात बांधून तिनं त्यांच्या हातात दिली. "घ्या पावणं. हितनं न्यायला एवढंच हाय."