लिंबूमावशीचे रोडगे

माझे शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट जमले नाही आणि अक्षर तर मांजर शाईत पाय बुडवून पळावे तसे. हे मी माझ्यापुरतेच लिहिते आहे, तरी चुकून कुणी वाचलेच तर रागावू नये.

लिंबूमावशीचे खरे नाव आम्हा मुलांना ठाऊकच नव्हते. माहेर बाळापूरचे, नवरा लवकर गेलेला. अमरावतीत राजापेठच्या वेशीशी, आमच्या घराला लागून तिची खानावळ होती. लिंबू नसेल तर ती ताट पुढे करत नसे. भाजी असो, ताप असो, भांडण असो, तिचा उपाय एकच. आईशी अबोला झाला की दुसऱ्या दिवशी दोन लिंबे ओट्यावर आणून ठेवी. आई हसे आणि बोलू लागे.

ती कापसाची वर्षे होती. दूर कुठेतरी लढाई चालली होती म्हणे, म्हणून विलायतेला आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा होता. गाड्या रांगेने येत आणि गाडीवाल्यांच्या कमरेला पैसा खुळखुळे. मावशीने दुसरी चूल मांडली. त्यासाठी किराणावाल्या शेटजींकडून पैसे घेतले आणि माहेरचा तांब्याचा हंडा गहाण ठेवला. होळीपर्यंत पैसे आले नाहीत तर हंडा मोडीत जाईल, असे शेटजींनी बजावले होते.

हिवाळा सरता सरता पटकीची साथ आली. आमच्याच गल्लीतली दोन माणसे गेली. गाडीवाले वेशीच्या आत पाऊल टाकेनात. बाहेर चिंचेखाली गाड्या सोडत, व्यापारी तिथेच जाऊन कापूस पाहत. गावातले पाणी नको, गावातले वरण नको. मावशीच्या दोन्ही चुली थंड पडल्या. आई म्हणाली, आता हंडा विसरा.

मावशी म्हणाली, "गिऱ्हाईक आत येत नाई त खानावळ वेशीबाहेर जाईन."

तिने पातळ पदार्थ बंद केले आणि रोडगे धरले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. विस्तवातून निघालेल्या अन्नाला कोण भिणार? शिवाय ते परतीच्या वाटेवरही टिकतात. प्रत्येकाची पुडी वेगळी: पळसाच्या पानात दोन रोडगे, गूळ, लाल मिरच्या, आणि वर अर्थातच एक लिंबू. पहिल्या दिवशी तिने त्या पुड्या चिंचेजवळच्या तिठ्यावर ओळीने मांडल्या आणि उरलेल्या आणायला घरी आली.

मावशी आणि मी परत गेलो तर चिंचेखाली एकच गाडी. तीही चाक निघाले होते म्हणून थांबलेली. तिचा म्हातारा मालक पुड्यांपुढे हात जोडून मरीआईला पुढच्या गावी जायला विनवत होता. तिठा, पीठ, मिरच्या, लिंबू! साथीच्या दिवसांत तो उतारा समजून बाकीचे नाल्यापलीकडे पळाले होते.

मावशीने कपाळावर हात मारला. मग पुड्यांच्या मधोमध फतकल मारून बसली, एक रोडगा फोडला, वर लिंबू पिळले आणि खाऊ लागली.

"बाई, मराचं हाये का तुले?" म्हातारा म्हणाला.

"मराचं नाई म्हनून त खाऊन राह्यली, बुढेबाबा. उताऱ्यात कोनी गूळ घालते का?"

म्हाताऱ्याने गूळ हुंगून पाहिला. मग पोटभर जेवला आणि नाल्यापलीकडच्यांना हाका मारल्या.

आईने सुचवले, उद्यापासून लिंबू नको. मावशी म्हणाली, "लिंबू काढलं त मंग मी कायची मावशी?" उतारा वाटेत ठेवतात, जेवण हाती देतात, एवढे तिने ध्यानात घेतले. पण गाडीवाले गावच्या माणसाजवळ येईनात, म्हणून ज्याची त्याला पुडी सुपाने सरकवायची आणि लिंबू लांबूनच फेकायचे, असे सुरू झाले. गाडीवाले ते झेलत, पैज लावत. मला अनोळखी माणसांपुढे बोलवत नसे, पण तिथे बोलावे लागत नव्हते. मी फेकलेले लिंबू बैलाच्या शिंगाला लागले की सगळे आपोआप हसत. पुढे साथ ओसरली तरी वाटेसाठी पुड्या मागणारे थांबले नाहीत.

मावशी जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिची आठवण आली की मला होळीची ती संध्याकाळ दिसते. आई आणि मी तिच्याबरोबर शेटजींच्या दुकानी गेलो होतो. मावशीने पळसाचे पान पसरले, त्यावर सगळे पैसे ओतले आणि वर एक लिंबू ठेवले. शेटजींना सगळी हकीकत ठाऊक होती, तरी त्यांचा हात मागे गेला.

"उचला, शेटजी," मावशी म्हणाली. "हा उतारा नाई, उतराई हाये."

शेटजी हसले. एका बोटाने लिंबू बाजूला सारून त्यांनी पैसे मोजले आणि नोकराला हंडा आणायला सांगितले. सगळे कर्ज फिटले होते.