पाय पुढं करून

ठकूबाईला आंबेनळी घाटाच्या अंगाच्या त्या वाडीत कुणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. हात चालू तसं तोंडही चालू. पण सन पस्तीसच्या फाल्गुनात नवरा, रामा, मुंबईच्या गिरणीतून तापानं फणफणत घरी आला आणि तिचं तोंड मिटलं. रामाची मान लाकडासारखी ताठ. उजेड सोसवेना. डोकं दोन्ही हातांत आवळून ओरडायचा, मध्येच भडभडून ओकायचा. ठकूबाई उंबऱ्यातून चुलीपाशी, चुलीपासून उंबऱ्यात. वाडी म्हणाली, मानमोडी! मुंबईचं पाप! म्हणायला वाडी नेहमी तयार. डोलीला खांदे मात्र शोधावे लागले.

तिचा भाऊ हैबती पोलादपूरच्या दवाखान्यात धावत जाऊन आला. "ठके, डाक्तर म्हनतो, मेंदूभवती पानी कोंडलंय. आत दाब आलाय. खाली आना, पाठीत सुई घालून पानी काढतो. पन वाटंत डोकं उंच पायजे. खाली जाता कामा नाय."

घोंगडीची डोली बांबूला लटकवली. पुढं हैबती, मागं थोरला दीर मालोजी. रामाचं डोकं पुढं, पाय मागं. जितं माणूस असंच नेतात; पाय पुढं करून निघतं ते मढं. ठकूबाई शेजारून पळत होती, एक नजर रामावर, एक वाटेवर.

घाट उतरायला लागला तसा हैबती खाली गेला, मालोजी वर राहिला, आणि रामाचं डोकं पायांपेक्षा खाली लोंबलं. तो एकदा किंचाळला. मग ओकला. मग ओरडणंच थांबलं. मालोजी म्हणाला, "बरं झालं, डोळा लागला."

ठकूबाईनं पापणी वर केली. एक बुबूळ बारीक, दुसरं विस्फारलेलं. श्वास घरघरत होता.

"थांबा! डोली फिरवा. पाय पुढं घ्या."

मालोजीनं बांबू आपटायचाच बाकी ठेवला. "डोकं फिरलं काय गो? मढं हाय का त्ये?"

"उताराला डोकं पुढं म्हंजे डोकं खाली! डाक्तर काय म्हनला?"

"डाक्तर जातोय आपल्या घरी. वाडीत तोंड मला दाखवायचंय. मी पाय पुढं करून भावाला न्यायचा नाय." मालोजी बांबू खाली टेकवून बाजूला झाला, छातीवर हात बांधून.

हैबती मालोजीकडं बघेना, बहिणीकडं बघेना. ठकूबाईनं पदर खोचला, घोंगडी फिरवली आणि मागचा बांबू खांद्यावर घेतला.

"आता बाईमानूस खांदा देनार?" मालोजी ओरडला.

"भावजी, एक काय ते ठरवा. मढं असंल तर पाय पुढं बरोबर हाय. जितं असंल तर मी खांदा दिला म्हनून काय बिघडलं?"

मालोजी डोलीच्या बाजूनं चालत राहिला. खालच्या वळणावर तिचा पाय घसरला, तेव्हा त्यानंच मुकाट्यानं तिच्या खांद्यावरून बांबू काढून घेतला. डोली पाय पुढं करूनच उतरली. वाटेत भेटलेल्या माणसांनी हात जोडून वाटेची कड धरली. ठकूबाई ओरडत सुटली, "जिता हाय! जिता हाय मेल्यांनो!"

दवाखान्यात रामाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी आणले. ठकूबाईनंच मान धरली. कमरेच्या मणक्यात सुई गेली आणि पेजेसारखं गढूळ पाणी उसळून आलं. डॉक्टरनं सुईच्या तोंडावर अंगठा दाबला, थेंब थेंब सोडलं. "एकदम सोडलं तर मेंदू खाली ओढला जाईल," तो म्हणाला. मग महाडहून सर्व्हिस मोटारीतून या तापावरचं औषध, सीरम, आलं, ते त्याच वाटेनं आत गेलं. पाणी काढायचं, सीरम घालायचं, असं रोज चाललं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा होत्या. ठकूबाई विटांना येताजाता हात लावून बघायची. कुणी काढल्या तर?

रामा वाचला. कान मात्र दोन्ही गेले.

परतीला पुन्हा डोली. चढ लागला, डोकं पुढं. मालोजी मागून म्हणाला, "आली का आता रीतीवर?"

"रीत कसली, भावजी! चढाला डोकं पुढं असलं तरच उंच ऱ्हातं."

"काय म्हनतोय गो दादा?" रामा बहिऱ्यासारखा मोठ्यानं ओरडला.

तिनं सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. मग चालता चालता तिनं हात लांब केला आणि त्याच्या डोक्याखालची कापडाची घडी पुन्हा एकदा चाचपली.