आधी पाणी

दारव्ह्याच्या बाजारात एकजण जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. वाईट बातमी तो कधी तोंडावर सांगत नाही. आमच्याकडे माणूस गेला तरी 'तब्येत जास्त झाली, निघून या' असाच निरोप धाडतात, आणि मशीनच्या बाबतीतही तो हीच रीत पाळतो. फोनवर 'जरा नरम आहे, येऊन पाहून जा' म्हणतो आणि आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा ग्लास देतो.

परवा तो निरोप मला आला. माझा फोटो स्टुडिओ आहे. ग्लास हातात आला तेव्हाच मी समजलो. डिस्क गेली होती, आणि तिच्यासोबत यंदाच्या सगळ्या लग्नांचे फोटो.

"अशी अचानक कशी गेली?"

"अचानक नाही. डिस्क ज्याच्यावर चालते ते तुमचं कार्ड लय जुनं. मशीन चालवते ना तो आतला प्रोग्राम, कर्नल म्हणते त्याले, तो रोज सुरू होतानी सांगे, ह्या कार्डाचा आता भरवसा नाही, डेटा दुसरीकडं काढा."

"मले तं कधीच दिसलं नाही."

"ते पडद्यावरची ओळ मीच बंद केलती," तो हळूच म्हणाला. "लोकं घाबरते. रोज भेत भेत कामाले बसाचं काय?"

मी ग्लास टेबलावर ठेवला. त्याच स्वच्छ पडद्याला मी रोज सकाळी उदबत्ती ओवाळत होतो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "काही नाही भाऊ, जरा नरम आहे. येऊन पाहून जा," तो मायेनं म्हणाला, आणि माझ्यापुढचा ग्लास त्यानं विसळायला घेतला.